शिक्षेच्या दिवशी मुके राहू नका

कोर्टात ‘गुन्हा कबूल आहे’ एवढे शब्द उच्चारले की सारे संपले, अशी आपल्या अनेक घरांत समजूत असते. आरोपी मान खाली घालून उभा राहतो आणि घरची माणसे लाजेने कोर्टाची पायरी चढत नाहीत. ही समजूत घातक आहे. कबुलीने दोष ठरतो. शिक्षा अजून ठरावयाची असते.

तारखांना कंटाळून, किंवा कोणी सांगितले म्हणून, न केलेला गुन्हा कदापि कबूल करू नये. कबुलीनंतर अपील बहुधा शिक्षेचे प्रमाण वा तिची कायदेशीरता एवढ्यापुरतेच उरते. म्हणून कबुलीपूर्वी वकिलाचा सल्ला घेणे अगत्याचे आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना व कोठडीतील माणसाला मोफत वकील मिळतो. धर्मांतराने हा हक्क गेला, असे कोणी सांगितल्यास मानू नये. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांनाही ती मान्यता मिळालेली आहे.

शिक्षेपूर्वी दोषी माणसाचे म्हणणे ऐकण्याची तरतूद १८९८ च्या संहितेत नव्हती. १९७३ च्या संहितेने ती केली. ही सुनावणी केवळ उपचार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली संता सिंग खटल्यात बजावले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती तरतूद आहे.

परंतु हक्क कागदावर असून भागत नाही. न्यायाधीशांना आपल्या घरची चूल दिसत नाही. ती दाखवावी लागते. वयाचा दाखला, मालकाचे पत्र, आजाराचे कागद, अवलंबून असलेल्या माणसांची माहिती, नुकसान भरून दिल्याची पावती, हे सारे आधीच वकिलाच्या हाती द्यावे. खटला चालू असता कोठडीत काढलेले दिवस कैदेतून वजा होतात. त्यांचा हिशेब ठेवावा. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याची आठवणही वकिलास द्यावी. त्या कायद्याप्रमाणे, जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात एकवीस वर्षांखालील दोषीस तुरुंगात धाडावयाचे तर न्यायालयाला कारणे नमूद करावी लागतात.

आणि त्या दिवशी घरच्यांनी जातीने हजर राहावे. चुकलेल्या मुलाच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे त्याच्या चुकीचे समर्थन नव्हे. शिक्षा भोगून तो ज्या घरी परतणार, ते घर त्याला सांभाळण्यास तयार आहे, हे न्यायालयाला दिसले पाहिजे.