तारे तेच, हवा मधली

वसतिगृहात नव्याने दाखल झालेला विद्यार्थी पहिल्या आठवड्यात एक प्रश्न हमखास विचारतो : "सर, आमच्या गावी दिसणारे तारे इथे का दिसत नाहीत?" आम्ही इतिहासाचे शिक्षक; तरी हा प्रश्न विज्ञानाच्या तासावर ढकलणे आम्हांस उचित वाटत नाही.

तारे तेच आहेत. फरक पडतो तो मधल्या हवेने. वातावरणाला नेमकी कडा नाही. उंचीबरोबर ते विरळ होत जाते. अवकाशाची सीमा सामान्यतः १०० किलोमीटरवर धरतात. परंतु निम्मी हवा पहिल्या साडेपाच किलोमीटरांतच आहे. वर्गातील ३० सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर ते १०० किलोमीटर जेमतेम अडीच मिलिमीटर भरतील आणि निम्म्या हवेचा थर पोस्टकार्डाहूनही पातळ ठरेल.

व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे ८.६ वर्षे लागतात. दहावीतील विद्यार्थी आज जो किरण पाहतो, तो त्याच्या दुसरीच्या वर्षी निघालेला असतो. एवढा प्रवास सरळ करून आलेला तो किरण अखेरच्या क्षणी थंड-उष्ण हवेच्या हलत्या थरांतून किंचित वाकत येतो, आणि आपण म्हणतो, तारा लुकलुकतो. क्षितिजाजवळ तर त्याला डोक्यावरच्या मार्गाच्या सुमारे ३८ पट हवा ओलांडावी लागते. म्हणून तेथील तारे मंद व तांबूस दिसतात. हीच हवा आणि तिच्यातील धूळ आपल्या दिव्यांचा उजेडही आकाशभर पसरवते आणि त्या उजेडात मंद तारे बुडून जातात. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

इतिहासातही हेच घडते. घटना आणि आपण यांच्यामध्ये सांगणाऱ्यांचे, लिहिणाऱ्यांचे थर असतात. साधन वाचताना 'हे माझ्यापर्यंत कशातून आले?' असे विचारण्याची सवय ज्याला गच्चीवर लागली, तो ग्रंथासमोरही सहजी मान तुकवणार नाही.

लडाखमधील हानले येथील वेधशाळा सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे. चाळीस टक्क्यांहून अधिक हवा तिच्या खाली राहते. तेथील परिसर २०२२ साली अंधाऱ्या आकाशासाठी राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. आपण हानलेला जाऊ शकत नाही. अंगणातील दिवे मात्र आपल्या हाती आहेत.

कंदिलाच्या उजेडात शिकलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना प्रकाशाचे मोल आम्ही सांगावयास नको. त्यांच्या देणगीतून आलेल्या दिव्यांखाली मुले निर्भयपणे वावरतात, याची आम्हांस जाणीव आहे. म्हणून दिवे काढा असे आमचे म्हणणे नाही. त्यांना वरून झाकण बसवावे, म्हणजे उजेड जमिनीवरच पडेल. आणि पावसाळा वगळता दर अमावास्येस, शिक्षकांच्या देखरेखीखाली, एक तास अंगणातील दिवे मालवून मुलामुलींना गच्चीवर न्यावे. अभ्यासाचा तास बुडेल, असा आक्षेप येईल. आमच्या मते तोही अभ्यासाचाच तास आहे.

पुढल्या वर्षी येणाऱ्या मुलाला आम्हांस सांगता यावे : "बाळ, तुझे तारे इथेच आहेत. ये, दाखवतो."