पेपरआधीचा अर्धा तास

बारावीची परीक्षा दरवर्षी येते, पाठोपाठ दहावीची. अकराच्या पेपरला साडेदहालाच केंद्रावर हजर राहायचे, असा मंडळाचा दंडक आहे. हा अर्धा तास फाटकापाशी उभे राहून पाहण्यासारखा असतो. पोराच्या एका हातात हॉल तिकीट, दुसऱ्या हातात दुमडलेला अपेक्षित प्रश्नसंच आणि ओठांची पुटपुट. आई विचारते, "काल विसरला होतास ते आठवतंय ना आता?" बाबा बजावतात, "सहामाहीसारखा गोंधळ घालू नकोस." तेवढ्यात एखादा मित्र येतो, "ते डेरिव्हेशन केलंस का रे? येणारच आहे म्हणे." पोराच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो. घड्याळात साडेदहा वाजलेले असतात.

नेमक्या एवढ्याच वेळाचा हिशेब १९९८ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहे. डी क्वेर्व्हेन, रूझेंडाल आणि मॅकगॉ या संशोधकांनी उंदरांना टाकीतल्या पाण्याखाली दडलेला चौथरा शोधायला शिकवले. दुसऱ्या दिवशी चाचणी घेण्यापूर्वी त्यांना विजेचा हलका झटका दिला. झटका दोन मिनिटे आधी दिला तर उंदरांना चौथऱ्याची जागा आठवली; चार तास आधी दिला तरीही आठवली. अर्धा तास आधी दिला, तेव्हा मात्र ते चाचपडत राहिले. कारण घाबरल्याक्षणी सुटते ते अ‍ॅड्रिनलिन. आठवण अडवते ते ताणाचे दुसरे संप्रेरक आणि ते रक्तात चढायला वीस-तीस मिनिटे लागतात. औषधाने त्याची निर्मिती रोखली, तेव्हा झटका बसूनही उंदरांची आठवण शाबूत राहिली.

उंदरांचे माणसांना कशाला लावता, असे कोणी म्हणेल. पुढे २००० साली निरोगी माणसांना कॉर्टिझोनची गोळी देऊन, आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द विचारले गेले. त्यांनाही ते कमी आठवले. माणसात हे काम करणारे संप्रेरक म्हणजे कॉर्टिसॉल; गोळीतल्या कॉर्टिझोनचे शरीरात तेच होते. मेंदूच्या ज्या भागातून आठवणी वर येतात, त्या हिप्पोकॅम्पसवर त्याचा थेट परिणाम होतो. म्हणजे पाठांतर पुसले गेलेले नसते, ते त्या वेळी हाताला लागत नाही. पेपर देऊन घरी येऊन जेवताना तेच डेरिव्हेशन ओळीनिशी आठवते आणि मग "अभ्यासच नव्हता केलास" हे ऐकूनही घ्यावे लागते.

विचारशक्तीचेही तेच. कपाळामागचा मेंदूचा भाग ताणात ढिला पडतो आणि एरवी हुशार असलेली मुलगी 'कोणतेही दोन' हे शब्द न वाचता चारही प्रश्न सोडवत बसते. थोडा ताण हवाच, तो माणसाला जागे ठेवतो, हे खरेच. पण आपल्याकडे थोडा म्हणजे किती, हे ठरवतो कोण? ताणाच्या क्षणी घडलेली गोष्ट मात्र पक्की कोरली जाते. सूत्र विसरलेल्या मुलाला, पर्यवेक्षक वर्गात कसे ओरडले, हे चाळिशीतही शब्दशः सांगता येते.

यावर उपायही आहे. २०११ साली 'सायन्स'मध्ये रामिरेझ आणि बायलॉक यांनी दाखवले, की परीक्षेच्या तोंडावर दहा मिनिटे मनातली भीती कागदावर लिहून काढणाऱ्या घाबरट विद्यार्थ्यांचे गुण सुधारतात. आपल्याकडे पेपर दहा मिनिटे आधी हातात मिळायचा. पेपरफुटीच्या भीतीने २०२३ मध्ये ती सोय गेली आणि तेवढीच मिनिटे शेवटी वाढवून मिळाली. लिहायला ती उपयोगी आहेत, पण शांतपणे प्रश्न वाचून श्वास जागेवर आणायची संधी गेली ती गेलीच.

कॉपी रोखायलाच हवी, त्यासाठी भरारी पथकेही हवीत. पण झडती साडेदहालाच उरकावी आणि पेपर सुरू झाल्यावर दरडावणे बंद व्हावे. शाळांनी मुलांना वेळेत जागेवर बसू द्यावे. पालकांनी अपेक्षित घरीच काढून घ्यावे, फाटकाशी उजळणी घेऊ नये. सोडायला जावे, हात हलवावा आणि निघावे. आणि पेपर कसा गेला, हे मुलांचे जेवण झाल्यावर विचारावे.