पंखा बदला, कूलर नको

ग्राफिक्स कार्ड गोंगाट करायला लागलं की आपली मंडळी लगेच नवा कूलर शोधायला बसतात. एके काळी ते बरोबरही होतं म्हणा. २००३ सालच्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्राचा पंखा इतका किंचाळायचा की लोक त्याला 'डस्टबस्टर' म्हणायचे. खुद्द एनव्हिडियाने स्वतःची टिंगल करणारा व्हिडिओ काढला होता!

आता माझं मत उलट आहे. आजच्या कार्डावरचा हीटसिंक सहसा चांगला दणकट असतो. ओरडतात ते त्यावरचे छोटे पंखे. शिवाय तो नुसता चिपवर टेकलेला नसतो, मेमरी आणि व्होल्टेज सांभाळणारे भागही थर्मल पॅडमधून त्यालाच उष्णता देतात. बाहेरचा कूलर लावला की चिप ६० अंशांवर, आपण खूश... आणि शेजारची मेमरी बिचारी भाजतेय. २०२० च्या आरटीएक्स ३०९० वर तर २४ पैकी १२ मेमरी चिप मागच्या बाजूला आहेत. तिथे कुठला कूलर पोचणार?

त्यापेक्षा वॉरंटी संपली की प्लास्टिकचं आवरण आणि पंखे काढा, हीटसिंक तसाच ठेवा आणि १२० मिमीचे दोन केस फॅन झिप-टायने बांधा. दिसतं गबाळं, पण मोठा पंखा कमी वेगात तेवढीच हवा ढकलतो. फक्त पंखे मदरबोर्डला जोडलेत तर त्यांचा वेग प्रोसेसरच्या नाही, कार्डाच्या तापमानावर चालेल असं सॉफ्टवेअर टाका. नाहीतर गेम रंगात आलाय आणि पंखे निवांत, असं व्हायचं.