चौंडक्याची गोष्ट लिहिणारा मास्तर

परवा मंडईत एका वाचक भगिनीने आम्हाला गाठलं. "दादा, पोरगी अकरावीला आहे. मराठीच्या बाईंनी 'आपल्या जिल्ह्यातला कादंबरीकार' असा प्रकल्प दिलाय. कुणावर लिहू म्हणते."

कोल्हापुरात या प्रश्नाला उत्तरांची वाण नाही. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवणारे खांडेकर इथलेच. कोवाडचे रणजित देसाई, आजऱ्याचे शिवाजी सावंत, कागलचे आनंद यादव. पण त्या माउलीच्या हातातल्या पिशवीत शेवग्याच्या शेंगा आणि कपाळावर दिवसभराच्या कामाचा घाम बघून आमच्या तोंडून वेगळंच नाव गेलं. राजन गवस.

गवस १९५९ चे, गडहिंग्लज तालुक्यातले. गारगोटीच्या कॉलेजात त्यांनी मराठी शिकवलं, पुढे शिवाजी विद्यापीठाच्या मराठी विभागात आले. संशोधनासाठी त्यांनी निवडले भाऊ पाध्ये. कामगार चळवळीत राबलेला आणि 'वासूनाका'त मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांची भाषा जशीच्या तशी छापून भल्याभल्यांचा रोष ओढवून घेतलेला हा लेखक. सीमाभागातल्या पोराला असा गुरू सापडावा, यातच पुढचं बरंच काही आलं.

गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यात सत्तरच्या दशकापासून देवदासी निर्मूलनाची चळवळ उभी राहिली. गवस त्या चळवळीत होते. त्यातून १९८५ साली 'चौंडकं' आली. लेखकाचं वय तेव्हा पंचविशीच्या आसपास! तीन वर्षांनी 'भंडारभोग'. पहिलीत यल्लमाला सोडलेली मुलगी, दुसरीत लुगडं नेसायला लावलेला जोगता. अंगाने पुरुष, पण देवीच्या नावाने बाई केलेला. त्या तरुणाची कोंडी मराठी कादंबरीत त्याआधी फारशी कुणी मांडली नव्हती. जोगतीण म्हणजे गाणं, भंडारा आणि नाच एवढंच आपल्या साहित्याला ठाऊक. चौंडकं वाजवणाऱ्या हाताचं काय होतं, ते गवसांनी त्या भागाच्या बोलीसकट पुस्तकात आणलं. प्रयोग प्रयोग म्हणतात तो आमच्या मते हाच. पानं उलटीसुलटी छापली म्हणजे प्रयोग होत नाही.

पुढे 'धिंगाणा', 'कळप', मग 'तणकट'. 'तणकट'ला २००१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'ब बळीचा'मध्ये ते शेतकऱ्याकडे वळले. कथा, कविता, ललित लेखनही आहे. पण आमचं मन त्या पहिल्या दोन पुस्तकांवरच अडतं. त्याला कारण घरचं आहे.

आमच्या वडिलांच्या चुलत बहिणीला आठव्या वर्षी डोक्यात जट आली म्हणून सौंदत्तीला नेऊन गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन बांधलं. १९२० साली शाहू महाराजांनी जोगत्या-मुरळीच्या प्रथेविरुद्ध कायदा केला होता. १९३६ साली बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातल्या बायांना हे जिणं सोडा म्हणून बजावलं होतं. तरी आमच्या आत्याला सोडलं ते त्यानंतर. पुढे ५६ च्या दीक्षेनंतर आमच्या घरातले देव पंचगंगेत गेले. देव सोडले, पण देवाला सोडलेली पोर? तिचं नाव घरात निघेना. बुद्धवंदना म्हणणाऱ्या घराला डोक्यावर जग घेऊन जोगवा मागणारी बहीण परवडेना. हे लिहिताना आमचा हात जड होतो, पण लपवून काय करायचं?

म्हातारपणी ती परत आली. आमच्या आईने आठवडाभर तेल लावून जट सोडवायला बघितली, शेवटी कात्रीच घ्यावी लागली. देवदासींच्या अनुदानाचा फॉर्म आम्हीच भरला. आम्ही बीकॉम, रकाने भरण्यात जन्म गेलेला. पण 'पतीचे नाव' या रकान्यापाशी पेन थांबलं. आत्या म्हणाली, "यल्लमाचं घाल." आम्ही रकाना कोराच ठेवला. फॉर्म परत आला, कारण पुरावा जोडला नव्हता. कापलेली जट पुरावा म्हणून जोडायची होती की काय, कोण जाणे.

२००९ साली 'जोगवा' सिनेमा आला. राजीव पाटील यांचा हा सिनेमा गवसांच्या याच दोन कादंबऱ्या आणि चारुता सागरांची 'दर्शन' ही कथा यांवर उभा आहे. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, उपेंद्र लिमये सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले. पुढे तो टीव्हीवर लागला तेव्हा आत्या भिंतीला टेकून बघत होती. गाणी लागली की आमची पोरं ताल धरायची. ती मात्र हलली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला 'चौंडकं' वाचून दाखवू लागलो. रोज कामावरून आल्यावर पाच-सहा पानं. काही ठिकाणी ती "ऱ्हाऊ दे आज" म्हणायची, तेव्हा पुस्तक मिटायचं. काही ठिकाणी आम्ही उच्चार चुकवला की सुधारायची. एकदा तिने विचारलं,

"ल्हिणारा जोगता हाय काय?"

"नाही आत्या, मास्तर आहे. कॉलेजात शिकवतो."

"मग त्येला ह्ये कुनी सांगिटलं?"

"बायांना विचारलं असेल त्यानं."

आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुमी कवा इचारलासा?"

२०१३ साली ती गेली. त्याआधीच्या दोन हिवाळ्यांत तिने जे सांगितलं, ते आमच्या एका जुन्या हिशेबाच्या वहीत आहे, डाव्या बाजूच्या पानांवर.

मंडईतल्या त्या भगिनीच्या मुलीला आम्ही आमची 'चौंडकं'ची प्रत दिली आहे. प्रकल्प महिनाअखेर द्यायचा आहे. पण काल निरोप आला, पुस्तक इतक्यात परत मागू नका. मुलीचं झालं, आता आई वाचते आहे.