बांधावरील करवंदी

शेतकी मासिकांतून भात, ऊस, कापूस यांजविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु बांधावर व माळावर आपोआप वाढणाऱ्या करवंदीविषयी चार ओळी क्वचितच आढळतात. आमची सारी नोकरी महसुली दप्तरात गेली. जाळीखालील जमीन सातबाऱ्यावर बहुधा ‘पोटखराबा’त पडते, आणि एकदा खराबा हा शब्द कागदावर बसला म्हणजे तो मालकाच्या मनातही बसतो. मग एके उन्हाळ्यात यंत्र आणून जाळी मुळासकट उपटावयाची व तेथे विकतची काटेरी तार ताणावयाची, हा प्रकार घाटमाथ्याच्या गावांतून दिसू लागला आहे. आमच्या मते हा शुद्ध तोट्याचा व्यवहार होय. तारेस गंज चढतो. जुन्या करवंदीस ना पाणी घालावे लागते, ना खत, आणि गुरे तिच्या काट्यांच्या वाटेस जात नाहीत. जाळीत साप राहतात हा आक्षेप खोटा नव्हे. परंतु तारेखालच्या गवतातही ते राहतातच. बुंध्याशी साफसफाई ठेवणे हाच दोहोंवर उपाय.

फळ दोन वेळा काढावे. चैत्रात कठीण, हिरवी व किंचित लाली धरलेली करवंदे लोणच्यासाठी. वैशाखात काळीभोर झालेली खाण्यासाठी. वळवाने झोडपलेले फळ पाणचट होते, म्हणून त्यापूर्वी तोडणी उरकावी. फूल डहाळीच्या शेंड्याशी येते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. घाईने डहाळ्या ओरबाडून नेणारा पुढील सालचे फळही मोडून नेतो. छाटणी करणेच झाल्यास फळ संपताच, ज्येष्ठात करावी.

कच्च्या करवंदास पांढरा चीक असतो. हातांस तेल लावून देठ काढावे, फळ उभे चिरून बिया टाकाव्या व फोडी मिठाच्या पाण्यात काही वेळ ठेवून फडक्यावर कोरड्या कराव्या. मग मोहरीची डाळ, हळद, तिखट, हिंग व मेथी लावून वरून पूर्ण निवलेली फोडणी घालावी. गूळ ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे. मुरंब्यास अर्धवट पिकलेले फळ उत्तम, कारण रस घट्ट होण्याचा गुण त्यात अधिक. थोड्या पाण्यात शिजवून चाळणीतून गाळावे, व गराच्या वजनाइतकी साखर घालून आटवावे. आंबट पदार्थ असल्याने कल्हई नसलेले पितळेचे भांडे वापरू नये. पिकलेले करवंद दोन दिवसांवर टिकत नाही. तोडले त्याच दिवशी चुलीवर चढवावे. (मुले आतला रंग पाहून कोंबडा की कोंबडी हा खेळ खेळतात, त्यांचा वाटा आधीच वेगळा काढावा हे बरे!)

आता तोडणाऱ्यांविषयी. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या बायका भल्या पहाटे काट्यांत हात घालून करवंदे तोडतात आणि पानांच्या द्रोणांत भरून घाटरस्त्यांवर विकतात. त्यांस चोर म्हणून हाकलणारे आमचेच बांधव आहेत. वनजमिनीवरील गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क तेथील आदिवासींस व इतर पारंपरिक वननिवासींस २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला आहे. तेथे आम्हां खातेदारांस बोलण्याचा अधिकारच नाही. खाजगी बांधाची गोष्ट निराळी, हे खरे. पण तेथे ज्या फळास मालक स्वतः हात लावीत नाही, ते पक्ष्यांखाली सडू देण्यात कोणता लाभ? आमची सूचना अशी की, तोडणी अर्धेलीने द्यावी. अर्धे फळ तोडणारीचे, अर्धे घरचे. आणि घरच्या वाट्याचे लोणचे-मुरंबे स्त्रियांनी करून सोसायटीमार्फत विकावे. वाटणी मात्र जाळीपाशीच, मापाने, दोघांसमक्ष व्हावी.

ज्यांनी जाळी आधीच उपटून टाकली आहे त्यांनी यंदा पिकल्या फळांचे बी धुऊन लागलीच पेरावे. ते जुने झाल्यास उगवत नाही, म्हणून डब्यात घालून पुढील सालावर ढकलू नये.