बसा, मी देते

गेल्या दिवाळीत एका स्नेह्यांच्या घरी जाण्याचा योग आला. घरातील आजोबांनी नुकतीच पंचाहत्तरी ओलांडली आहे. बोलता बोलता ते पाण्याचा तांब्या घेण्यासाठी उठू लागले, तोच सूनबाई लगबगीने पुढे आल्या. ''मामंजी, तुम्ही बसा, मी देते.'' नातवाने चष्मा आणून दिला, मुलाने खांद्यावर शाल घातली. अशी सेवा पाहून कोणासही धन्यता वाटावी; मलाही वाटली. परंतु निरोप घेताना आजोबा उभे राहू लागले, तेव्हा दोघांनी दोन्ही बाजूंनी काखेत हात घालून त्यांना उठवावे लागले. दोन वर्षांपूर्वी हेच गृहस्थ बाजारातून भाजीची पिशवी घेऊन दोन जिने चढत असत. मध्यंतरी त्यांना मोठा असा कोणताही आजार झालेला नव्हता. झाली होती ती केवळ सेवा.

वयोमानाने स्नायू झिजतात, हे खरे. या झिजेला 1989 साली अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन तज्ज्ञांनी 'सार्कोपेनिया' हे नाव सुचविले. मांसाची उणीव असा त्या मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ. पण या उणिवेत वयाचा वाटा किती आणि नुसते बसून राहण्याचा किती, हा प्रश्न आपण सहसा विचारीतच नाही. अमेरिकेतील डॅलस येथे 1966 साली वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावले होते. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे दिसून आले की, त्यांच्या श्रमशक्तीचा जेवढा ऱ्हास तीस वर्षांच्या वयाने केला होता, त्याहून अधिक तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केला होता!

याची दुसरी बाजू मोठी आशादायक आहे. बोस्टन येथील एका वृद्धाश्रमातील दहा दुर्बल रहिवाशांवर केलेला प्रयोग 1990 साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय 90 होते. आठवड्यातून तीन वेळा, बसल्या जागी पाय सरळ करून वजन उचलावयाचे, एवढाच तो व्यायाम. मात्र वजन नावापुरते नव्हते, चांगले जड होते आणि झेपेल तसे ते वाढविले जाई. आठ आठवडे नेटाने पार पाडणाऱ्या नऊ जणांच्या मांड्यांचे बळ सरासरीने 174 टक्क्यांनी, म्हणजे पावणेतीन पटींच्या घरात गेले. व्यायाम थांबविताच ते पुन्हा ओसरू लागले, हेही त्याच प्रयोगात दिसले.

''मी रोज सकाळी फिरावयास जातो,'' असे पुष्कळ निवृत्त गृहस्थ अभिमानाने सांगतात. तो अभिमान रास्तच आहे. फिरण्याने हृदयाला आणि श्वासाला लाभ होतो. पण खुर्चीतून किंवा शौचकूपावरून शरीर वर उचलणाऱ्या मांड्यांना सपाटीवरील फेरफटका पुरेसे काम देत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली पासष्टीपुढील व्यक्तींसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटांच्या मध्यम हालचालीखेरीज दोन दिवस स्नायूंना बळ देणारे आणि तीन दिवस तोल सांभाळणारे व्यायाम सांगितले. पूर्वी पाटावर जेवावयास बसण्यात यातले बरेचसे आपोआप घडे. जुने ते सोने असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. त्याच घरांतून बायकांच्या कमरा मोडत, हे आपण विसरू नये. शिवाय ज्यांचे गुडघे झिजले आहेत, त्यांनी हट्टाने जमिनीवर बसू नये.

त्यांना खुर्ची पुरते. सरळ पाठीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, हात छातीवर दुमडावेत आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून बसता येते, ते मोजावे. सत्तर ते चौऱ्याहत्तर या वयात पुरुषांना 12 आणि स्त्रियांना 10 वेळा तरी हे जमावयास हवे. न जमल्यास खचून जाण्याचे कारण नाही. चाचणी हाच व्यायाम होय. आरंभी हाताच्या खुर्चीचा आधार घ्यावा, आसनावर घट्ट उशी ठेवून उंची वाढवावी, बसताना धपकन न बसता सावकाश बसावे आणि श्वास कोंडू नये. स्वयंपाकघरातील ओट्याला धरून क्षणभर एका पायावर उभे राहण्यानेही तोल सुधारतो. छातीत दुखणे, घेरी येणे किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि रात्री नुसत्या चहा-टोस्टवर भागविणाऱ्यांनी ताटात डाळ, दूध, दही, चालत असल्यास अंडे येऊ द्यावे. काहीच न घालता स्नायू कशाचे बनणार?

खरी अडचण वृद्धांकडून येत नाही, ती येते आपल्या प्रेमाकडून आणि थोडीशी शेजाऱ्यांच्या नजरेकडूनही. सासरे स्वतः उठून पाणी घेतात, हे पाहून आल्यागेल्याने सुनेकडे कोणत्या दृष्टीने पाहावे! एका कर्तव्यदक्ष सुनेला हे सोसणे सोपे नाही. तरीही त्या सूनबाईंना मी हे सारे लिहून कळविले आणि तांब्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवण्याची विनंती केली.

संक्रांतीच्या सुमारास त्यांचे उत्तर आले. पहिला आठवडा मामंजी रुसले होते. आता एका हाताचा आधार घेऊन उठतात, आणि दार उघडण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आहे. ''तेव्हा पुन्हा याल तेव्हा घंटा वाजवून जरा थांबावे लागेल,'' असे सूनबाईंनी लिहिले आहे, ''आणि बाहेरूनच 'घाई नाही' असे सांगत जा, म्हणजे ते धावणार नाहीत.''