गाजरातले द्रव्य, गोळीतले द्रव्य

गाजर, लाल भोपळा आणि पालेभाज्या यांत असणारे आणि शरीरात गेल्यावर ज्यापासून अ जीवनसत्त्व तयार होते ते बीटा-कॅरोटीन ज्यांच्या आहारात भरपूर असते, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असे अनेक पाहण्यांतून दिसत आले होते. रिचर्ड पेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘नेचर’मध्ये या संबंधाची चर्चा केली, तेव्हा हे द्रव्य खरोखर संरक्षक आहे की नाही ते नियंत्रित चाचण्यांनी तपासता येईल, असेही सुचवले, आणि फिनलंडमध्ये तशी चाचणी झाली, हे पोषणशास्त्राचे भाग्यच म्हणावे लागेल.

तेथे ५० ते ६९ वर्षे वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांची यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोणाच्याही निवडीला वाव न ठेवता जणू चिठ्ठ्या टाकून, विभागणी करण्यात आली; काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, तर उरलेल्यांना दिसायला तशीच पण गुणकारी द्रव्य नसलेली गोळी पाच ते आठ वर्षे देण्यात आली आणि कोणाच्या वाट्याला काय आले हे ना घेणाऱ्यांना ठाऊक होते, ना तपासणाऱ्यांना. १९९४ मध्ये निष्कर्ष हाती आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला. अमेरिकेतील अशाच एका चाचणीत, जिथे जोडीला अ जीवनसत्त्वही दिले जात होते, ही वाढ २८ टक्क्यांवर गेल्याने १९९६ च्या जानेवारीत ती मुदतीआधीच थांबवण्यात आली.

फिनलंडच्या आकडेवारीतील सर्वांत बोलकी गोष्ट मात्र निराळीच आहे. ज्यांना द्रव्यहीन गोळी मिळाली त्यांच्यातही, सुरुवातीलाच ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन अधिक होते त्यांना हा कर्करोग कमी झाला. जुन्या पाहण्या खोट्या नव्हत्या, हे यावरून उघड होते. रक्तातील ते द्रव्य बहुधा भाज्या-फळे खाणाऱ्या आणि एकंदरीत जपून राहणाऱ्या माणसाची खूण होते, संरक्षणाचे कारण नव्हे. आहारातून मिळणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट द्रव्य एकटे वेगळे काढून सिगारेटच्या धुराने पोळलेल्या शरीराला देणे, ही बाबच वेगळी. म्हणूनच धूम्रपान करणाऱ्यांनी आणि ते सोडलेल्यांनीही जीवनसत्त्वांच्या बाटलीवरील घटकांची यादी वाचून मगच ती विकत घ्यावी.

याचा अर्थ गोळी सदैव निरुपयोगी, असा मुळीच नाही. गर्भाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष टाळण्यासाठी फॉलिक ॲसिड उपयोगी पडते, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले, तेही नेमक्या याच यादृच्छिक पद्धतीने. आधीच्या बाळात असा दोष असलेल्या मातांनी गर्भधारणेच्या आधीपासून ते घेतले, तेव्हा त्याची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली.